आईला कॅल्शियम चढवलं, आण्णांना मात्र कॅल्शियम अडवणारी गोळी. मेंदूच्या दृष्टीने खरं काय?

पूर्वभागकर

नमस्कार मंडळी. सोलापूरहून लिहितोय. अशोक चौकाच्या पलीकडे आमचं घर, खाली टॉवेलचे लूम आणि वर आम्ही. माझं शिक्षण बी.कॉम., त्यामुळे प्रश्न साध्या भाषेत विचारतो आणि उत्तरही साध्या भाषेत मिळालं तर बरं.

आईची थायरॉइडची गाठ बरीच वाढली होती, म्हणून मागच्या महिन्यात पूर्ण ग्रंथी काढली. ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर तिला ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या यायला लागल्या. आम्हाला वाटलं सलाइनमुळे असेल. संध्याकाळी सिस्टर बीपी बघायला आल्या. दंडावरचा पट्टा फुगवला आणि आईचा हात मनगटात वाकला, बोटं एकमेकांना चिकटून ताठ, अंगठा आत. "हात बधिर होऊलालाय, बोटं उघडनात" म्हणून ती रडायलाच लागली. सिस्टरनी पट्टा सोडला आणि डॉक्टरांना बोलावलं. रक्तात कॅल्शियम ६.८ निघालं. मॉनिटर लावून अगदी हळू शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट दिलं, आणि ते जात असतानाच हात सैल पडत गेला. थायरॉइडच्या मागे चिकटलेल्या छोट्या ग्रंथी ऑपरेशनमध्ये दुखावतात, बहुतेकांच्या पुढे सावरतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. आता घरी कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी चालू आहे.

तेव्हापासून मी वाचत बसतो. सगळीकडे एकच, की मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात तो कॅल्शियममुळे, आठवण पक्की होते ती कॅल्शियममुळे. मग कॅल्शियम कमी पडल्यावर नसा थंड पडायला हव्यात ना? आईचा हात उलट आखडला कसा?

दुसरं म्हणजे आई हल्ली बोलता बोलता शब्द विसरते. शेजारणीचं नाव आठवेना, हिशेबात गडबड. आधी अशी नव्हती, लूमचा सारा हिशेब तोंडपाठ असायचा. हे कॅल्शियमचंच आहे का?

आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. आण्णांना बीपीसाठी कित्येक वर्षं अ‍ॅम्लोडिपिन आहे. परवा चहाच्या टपरीवर कुणीतरी त्यांना सांगितलं की ही गोळी कॅल्शियम अडवते. आता ते म्हणतात, "तुझ्या आईला कॅल्शियम कमी पडलं तर एवढं झालं, मी रोज अडवायची गोळी खातो, मेंदूचं काय होत असेल?" गोळी बंद करतो म्हणून बसलेत. काय सांगू?

जुळे_सोलापूर

दादा, बाकीचं जाणकार सांगतील, पण आण्णांना आधी गोळी द्या. माझ्या सासऱ्यांनी "आता बीपी नॉर्मल आहे" म्हणून मनानेच गोळी सोडली होती आणि लकवा आला. बीपी नॉर्मल होतं ते गोळीमुळेच होतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवससुद्धा बंद करू देऊ नका.

निवृत्त_शरीरक्रिया

पूर्वभागकर, मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवून निवृत्त झाले. तुमचा पहिला प्रश्न मी दर वर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना मुद्दाम विचारायचे, आणि हुशार मुलंही त्यावर अडायची. म्हणून सविस्तर लिहिते. पण जुळे_सोलापूर यांनी लिहिलंय ते सगळ्यात आधी करा. आण्णांची गोळी आजच चालू ठेवा, कारण खाली येईलच.

शरीरातलं जवळजवळ ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. रक्तात फार थोडं, साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, आणि त्यातलंही जेमतेम निम्मं मोकळं. बाकीचं मुख्यतः अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला धरून बसलेलं. काम करतं ते मोकळं. आणि चेतापेशीच्या, म्हणजे नसांच्या आणि मेंदूच्या पेशीच्या, आत? बाहेरच्यापेक्षा साधारण दहा हजार पट कमी. हा आकडा नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कॅल्शियम पेशीला हवं असतं म्हणून ते आत भरून ठेवलेलं असतं, अशी बहुतेकांची कल्पना असते. प्रत्यक्षात पेशी ते बाहेर हाकलण्यावर दिवसरात्र ऊर्जा खर्च करते. बाहेरच्या पडद्यात पंप असतात, आतल्या जाळीदार पिशव्यांमध्ये भरून ठेवणारे वेगळे पंप असतात, आणि तीन सोडियम आत घेऊन एक कॅल्शियम बाहेर टाकणारी एक अदलाबदलीची सोयही असते. पेशीची ऊर्जा फॉस्फेटवर चालते, आणि कॅल्शियम जास्त झालं तर ते फॉस्फेटबरोबर खडे करून बसेल. म्हणून ही साफसफाई फार जुनी, सगळ्या सजीवांत सापडणारी आहे.

पण या साफसफाईचा चेतापेशीने फार सुंदर उपयोग करून घेतला. तुमच्याकडे लूम चालू असताना खालून कुणी हाक मारली तर वर ऐकू येत नाही, लाइट गेली की कुजबुजही ऐकू येते. पेशीच्या आत अशी शांतता कायम राखलेली असते, म्हणून कॅल्शियमचे मोजके आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, आत आले तरी तो मोठा निरोप ठरतो. सोडियमला हे जमत नाही. आत सोडियम मुळातच इतकं असतं की चार कण वाढले तर पेशीला पत्ताही लागत नाही.

आता निरोप कसा जातो ते बघा. विजेचा झटका चेतातंतूच्या टोकापर्यंत पोचला की तिथले कॅल्शियम चॅनेल, म्हणजे पडद्यातली कॅल्शियमची दारं, उघडतात, कॅल्शियम आत घुसतं, रासायनिक दूताने भरलेल्या छोट्या पिशव्या पडद्याला चिकटून फुटतात, आणि दूत पुढच्या पेशीवर जाऊन पडतो. कॅल्शियम आत आल्यापासून पिशवी फुटेपर्यंत मिलिसेकंदाचा पाचवा हिस्सासुद्धा पुरतो. १९६० च्या दशकात बर्नार्ड कॅट्झ आणि रिकार्डो मिलेदी यांनी बेडकाच्या चेता आणि स्नायूच्या जोडावर हे दाखवलं. आजूबाजूचं कॅल्शियम काढून घेतलं आणि अतिशय बारीक नळीतून ठरावीक क्षणी थेंबभर दिलं. झटक्याच्या अगदी आधी दिलं तर निरोप गेला, नंतर दिलं तर गेला नाही. कॅट्झना १९७० मध्ये नोबेल मिळालं. कॅल्शियम आलं हे पिशवीला कळवणारं प्रथिन म्हणजे सिनॅप्टोटॅग्मिन. त्यावरचं थॉमस झ्यूडहॉफ यांचं काम २०१३ च्या नोबेलमध्ये मोडतं. त्याहून मला आवडणारा प्रयोग डॉज आणि राहामिमॉफ यांचा, १९६७ चा. कॅल्शियमची पातळी कमी असताना ते निम्मं केलं तर दूत निम्मा होत नाही, साधारण सोळाव्या हिश्शावर येतो. चौथ्या घाताचा हिशेब आहे तो.

म्हणजे तुमची शंका रास्त आहे. एवढं अवलंबून असेल तर आईचे स्नायू ढिले पडायला हवे होते. ते आखडले, कारण कॅल्शियमचं आणखी एक काम आहे आणि ते पेशीच्या बाहेरच्या अंगाला चालतं. चेतातंतूच्या बाहेरच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो. कॅल्शियमचे धन भाराचे आयन तिथे जमून राहतात, आणि त्यामुळे शेजारचे सोडियम चॅनेल उगाच उघडत नाहीत. रक्तातलं मोकळं कॅल्शियम घटलं की हा आवर सुटतो. मग जराशा कारणाने, कधी काहीच कारण नसताना, सोडियम चॅनेल उघडतात आणि चेता स्वतःच झटक्यांवर झटके सोडायला लागते. संवेदनेच्या चेतांनी सोडले की मुंग्या, स्नायूंच्या चेतांनी सोडले की आखडणं. प्रत्येक झटक्यामागे थोडा कमी दूत सुटत असेलही, पण झटक्यांचा पाऊसच एवढा असतो की स्नायू आखडतोच. निरोप पूर्ण बंद पडण्याइतकं कॅल्शियम उतरायच्या कितीतरी आधी हे होतं, आणि तितकं खाली माणूस जगत जातही नाही.

पट्टा फुगवल्यावर हात वाकला ना, त्याला ट्रूसोची खूण म्हणतात. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच वैद्याचं नाव आहे. पट्ट्याने रक्तपुरवठा थांबतो, आधीच चिडलेली चेता आणखी चिडते. ती सिस्टर चटकन ओळखून धावली, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. वेळ गेला असता तर घशाचे स्नायू आखडणं किंवा फिट येणं, इथपर्यंत गोष्ट जाते.

उलटं उदाहरण प्रसूती विभागात दिसतं. गरोदरपणात बीपी वाढून झटके येतात तेव्हा मॅग्नेशियम सल्फेट देतात. मॅग्नेशियम चेतेच्या टोकाशी कॅल्शियमची वाट अडवतं. म्हणून प्रत्येक डोसआधी गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का ते बघतात. उडत नसेल तर मॅग्नेशियम जास्त झालं. आणि फारच झालं तर उतारा म्हणून देतात ते तुमच्या आईला दिलेलंच, कॅल्शियम ग्लुकोनेट. म्हणजे तुमच्या मनातलं "कॅल्शियमविना नसा थंड" हे चित्र खोटं नाही, ते तिथे प्रत्यक्ष दिसतं.

आठवणीबद्दल. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे, नव्या आठवणी तिथे घडतात. तिथल्या पेशींवर एनएमडीए नावाचे ग्राही, म्हणजे दूत पकडणारी दारं, असतात. एरवी त्यांच्या तोंडाशी मॅग्नेशियमचा आयन अडकलेला असतो. पलीकडून दूत आला आणि नेमकी त्याच वेळी ही पेशीही जागी असली, तरच मॅग्नेशियम निघतो आणि कॅल्शियम आत येतं. दोन गोष्टी एकदम घडल्या हे पेशीला कळतं ते असं. पुढे सीएएमके-दोन नावाचं विकर (एन्झाइम) जागं होतं. त्याची खुबी अशी की ते स्वतःलाच फॉस्फेट लावून घेतं आणि कॅल्शियम निघून गेल्यावरही काही काळ चालू राहतं. दोन पेशींमधला जोड पक्का होतो. निरोप केंद्रकापर्यंत पोचला तर जनुकंही चालू होतात, आणि आठवण टिकायला ते लागतं. जोड असा दीर्घकाळ बळकट होतो हे ब्लिस आणि लोमो यांनी १९७३ मध्ये सशाच्या मेंदूवर मांडलं. आता यातली मुख्य गोष्ट ऐका. कॅल्शियम एकदम आणि भरपूर आलं तर जोड बळकट होतो. थोडं थोडं, रेंगाळत आलं तर तोच जोड कमकुवत होतो. दोन्ही मेंदूला हवं असतं. म्हणून "कॅल्शियम जास्त तर बुद्धी जास्त" हे म्हणणं मुळातच चुकीचं आहे, आणि परीक्षेच्या मोसमात आईबापांना ते विकलं जातं याचा मला राग येतो. पेशी आतली पातळी स्वतः ठरवते, गोळी खाऊन ती वाढत नाही. रक्तातली पातळी बिघडली तर मेंदूचं काम बिघडतं हे खरं, पण ती ठीक असलेल्या माणसाने वरून कॅल्शियम खाऊन स्मरणशक्ती वाढते याला आधार नाही.

आईचं विसरणं. रक्तातलं कॅल्शियम कमी असेल तर गोंधळ, चिडचिड होते. गोळ्यांनी जास्त झालं तर सुस्ती आणि पुन्हा गोंधळच. दोन्हीकडून सारखं दिसतं, म्हणून अंदाजाने गोळी वाढवू नका आणि कमीही करू नका. शिवाय थायरॉइड काढल्यावर थायरॉक्सिनचा, म्हणजे थायरॉइडच्या गोळीचा, डोस पुरा पडत नसेल तरी नेमकं हेच होतं, शब्द आठवत नाहीत, हिशेब चुकतात. डॉक्टरांना सांगून कॅल्शियम, अल्ब्युमिन, फॉस्फरस, मॅग्नेशियम, पीटीएच (त्या छोट्या ग्रंथींचं संप्रेरक) आणि टीएसएच (थायरॉक्सिन पुरतंय का ते सांगणारी तपासणी) बघून घ्या. मॅग्नेशियम विसरलं जातं. ते फार कमी असेल तर त्या छोट्या ग्रंथी पीटीएच सोडत नाहीत आणि कितीही कॅल्शियम घेतलं तरी पातळी चढत नाही.

आता आण्णा. त्यांना हे वाचूनच दाखवा. आण्णा, तुमची गोळी रक्तातलं कॅल्शियम कमी करत नाही, आणि दुधाभाकरीतलं कॅल्शियमही अडवत नाही. कॅल्शियम चॅनेलचे प्रकार अनेक आहेत. अ‍ॅम्लोडिपिन एल प्रकारच्या चॅनेलवर, तेही मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायूंवर काम करतं; वाहिनी सैल होते आणि बीपी उतरतं. मेंदूतल्या पेशी निरोप सोडतात तो बहुतेक एन आणि पी-क्यू प्रकारच्या चॅनेलमधून, त्यांना ही गोळी हात लावत नाही. एल प्रकार मेंदूतही आहे, पण ही गोळी मेंदूत फारशी शिरत नाही. उलट बीपी चढं राहिलं तर मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात आणि विस्मरण त्या वाटेने येतं. मेंदूची काळजी असेल तर गोळी घ्यायची.

नवी_पेठ_लॅब

मॅडमनी लिहिलंच आहे, मी लॅबच्या बाजूने थोडं घालतो. रक्त काढण्याचं काम रोज करतो.

कॅल्शियमसाठी रक्त देताना दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवू देऊ नका, मूठ सारखी उघडझाप करू नका. त्याने आकडा थोडा वर जातो. जांभळ्या झाकणाच्या नळीत जे रसायन असतं ते कॅल्शियमलाच धरून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. घाईत त्या नळीतलं थोडं रक्त दुसऱ्या नळीत गेलं तर कॅल्शियम खोटंच फार कमी येतं आणि पोटॅशियम खोटंच फार जास्त. असे दोन आकडे एकत्र दिसले आणि पेशंट ठणठणीत असेल तर आम्ही आधी नमुना पुन्हा मागतो.

अल्ब्युमिन कमी असेल तर एकूण कॅल्शियम कमी दिसतं, मोकळं मात्र ठीक असू शकतं. ढोबळ हिशेब असा की अल्ब्युमिन ४ पेक्षा जितकं कमी, त्याला ०.८ ने गुणून कॅल्शियममध्ये मिळवायचं. ऑपरेशननंतर अल्ब्युमिन बऱ्याचदा उतरलेलं असतं. तुमच्या आईंना तर खुणाच दिसत होत्या, त्यामुळे तिथे शंका नव्हती. पण पुढच्या रिपोर्टला हे बघा. खात्री हवी असेल तर मोकळं कॅल्शियम थेट मोजतात, त्या नमुन्याला हवा लागू द्यायची नसते.

अजून एक. बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत घाबरलेल्या मुलामुलींना घेऊन लोक येतात, हातापायाला मुंग्या, बोटं वाकडी. रिपोर्ट नॉर्मल. भीतीने श्वास जोरजोरात घेतला की रक्त अल्कधर्मी होतं, जास्त कॅल्शियम अल्ब्युमिनला चिकटतं, मोकळं घटतं. एकूण आकडा तोच. श्वास हळू झाला की बोटं आपोआप सुटतात. पण पहिल्यांदाच असं झालं असेल तर डॉक्टरांना दाखवावंच.

प्राणिशास्त्र_टीवाय

मॅडम, मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पेशीच्या आत इतकं कमी कॅल्शियम असतं तर ते कुणी बघितलं कसं? आमच्या पुस्तकात एका ओळीत संपवलंय.

निवृत्त_शरीरक्रिया

बाळा, फार चांगलं विचारलंस. ही गोष्ट समुद्रातून सुरू होते. ओसामू शिमोमुरा यांनी एका जेलीफिशमधून एक्वोरिन नावाचं प्रथिन वेगळं केलं, १९६२ मध्ये प्रसिद्ध केलं. कॅल्शियम लागलं की ते निळं चमकतं. त्याच जेलीफिशमध्ये हिरवं चमकणारं दुसरं प्रथिन मिळालं, जीएफपी. एक्वोरिन पेशीत टोचून कॅल्शियम दिसायला लागलं, पण उजेड फार मंद. मग रॉजर त्सिएन यांनी कॅल्शियम पकडणारे रंग तयार केले. १९८५ चा फ्युरा-दोन अजूनही वापरात आहे. दोन वेगळ्या तरंगलांबींच्या प्रकाशात तो किती चमकतो त्याचं गुणोत्तर घेतलं की आतलं कॅल्शियम आकड्यात मोजता येतं. २००१ मध्ये जपानमध्ये हिरवं प्रथिन आणि कॅल्शियमला धरणारं कॅल्मोड्युलिन जोडून जीकॅम्प बनवलं. त्याचं जनुक पेशीत घातलं की पेशी स्वतःच तो दिवा तयार करते. आज जागा, हालचाल करणारा उंदीर घेऊन त्याच्या मेंदूतल्या शेकडो पेशी एकाच वेळी लुकलुकताना बघता येतात. शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते त्या हिरव्या प्रथिनासाठी.

एक मर्यादा वहीत लिहून ठेव. विजेचा झटका एकदोन मिलिसेकंदात संपतो, कॅल्शियमचा दिवा मात्र शेकडो मिलिसेकंद तेवत राहतो. म्हणून लागोपाठचे झटके त्यात एकमेकांत मिसळतात. लुकलुक दिसली म्हणजे नेमके किती झटके झाले ते थेट मोजता येत नाही, अंदाज बांधावा लागतो. तुला यात पुढे जायचं असेल तर पुण्याच्या आयसर आणि बंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थांमध्ये मेंदूविज्ञानाच्या प्रयोगशाळा आहेत, त्यांच्या उन्हाळी प्रशिक्षणाची माहिती बघत राहा. सोलापुरातून निघून मोठं काम करता येतं हे भैय्या चौकातलं डॉ. कोटणीसांचं घर आपल्याला सांगतंच.

जुळे_सोलापूर

मॅडम, माझ्या सासऱ्यांना लकवा आला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की रक्त थांबल्यावर पेशी कॅल्शियमनेच मरतात. ते काय असतं? आणि तसं असेल तर अडवायचं औषध त्यांना का दिलं नाही?

निवृत्त_शरीरक्रिया

ताई, डॉक्टरांनी बरोबर सांगितलं. मी वर लिहिलं ना, कॅल्शियम बाहेर टाकायला ऊर्जा लागते. मेंदू वजनाने शरीराचा पन्नासावा हिस्सा, पण विश्रांतीत असतानाही शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा तोच वापरतो. रक्त थांबलं की काही मिनिटांत पंप बंद पडतात, पेशींमधून ग्लुटामेट नावाचा दूत बेसुमार सांडतो, एनएमडीए ग्राही उघडे राहतात आणि कॅल्शियम आत लोटतं. मग पेशीची स्वतःचीच विकरं तिची प्रथिनं आणि पडदे कुरतडतात. जॉन ओल्नी यांनी अशा अतिउत्तेजनाने येणाऱ्या मरणाला १९६९ मध्ये नाव दिलं.

अडवायची औषधं करून बघितली, ताई. प्राण्यांमध्ये ती छान चालली, माणसांवरच्या चाचण्यांत एकामागून एक अपयशी ठरली. एक तर पेशंट पोचेपर्यंत कॅल्शियम आत शिरून गेलेलं असतं, आणि दुसरं म्हणजे हेच ग्राही निरोगी पेशींना जगायलाही लागतात. पार्किन्सनमध्येही तसंच झालं. तिथे मरणाऱ्या पेशींवर कॅल्शियमचा ताण असतो, म्हणून इस्राडिपिन हे अ‍ॅम्लोडिपिनच्याच कुळातलं औषध मोठ्या चाचणीत दिलं. २०२० मध्ये निकाल आला, आजार मंदावला नाही. वाईट वाटतं, पण कारण कळलं म्हणून उपाय हातात आला असं होत नाही. काही ठिकाणी मात्र उपाय साधला आहे. अल्झायमरमध्ये दिलं जाणारं मेमँटिन एनएमडीए ग्राहीवर सौम्यपणे काम करतं, थोडा आधार देतं. लहान मुलं बोलता बोलता काही सेकंद हरवतात त्या फिटला इथोसक्झिमाइड लागू पडतं. ते टी प्रकारचे कॅल्शियम चॅनेल रोखतं. आणि मधुमेहात पायांची आग होते त्यावर सोलापुरात घरोघरी चालणारं प्रीगॅबालिन, तेही कॅल्शियम चॅनेलच्याच एका भागाला धरतं.

गुठळीने आलेल्या लकव्यात आज खरा उपाय ती विरघळवणं किंवा काढणं हाच, आणि विरघळवण्याचं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तोंड वाकडं, हात लुळा, बोबडं बोलणं दिसलं की तेल चोळत बसू नका, कुणाच्या गावाला घेऊन जाऊ नका. सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात थेट जा आणि लक्षणं किती वाजता सुरू झाली ते सांगा.

पूर्वभागकर

मॅडम, सगळ्यांचे खूप आभार. तुमचं उत्तर आण्णांना मोठ्याने वाचून दाखवलं. "आण्णा" म्हणून थेट हाक मारलीत ते त्यांना फार आवडलं, गोळी घेतली. आईच्या तपासण्या उद्या आहेत.

दोन गोष्टी राहिल्या. आई सकाळी थायरॉइडची गोळी घेते आणि लगेच चहाबरोबर कॅल्शियमची, म्हणजे एकदाचं उरकतं म्हणते. चालेल का? आणि पोरगा दहावीला आहे, दुकानदाराने बुद्धी वाढवणारं कॅल्शियमचं टॉनिक दिलंय. बंद करू?

निवृत्त_शरीरक्रिया

बरं झालं विचारलंत, कदाचित विसरण्याचं एक कारण इथेच सापडेल. दोन्ही गोळ्या एकत्र अजिबात नको. कॅल्शियम आतड्यात थायरॉक्सिनला धरून ठेवतं आणि ते अंगी लागत नाही. थायरॉक्सिन सकाळी उठल्यावर उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा नंतर अर्ध्या-एक तासाने. कॅल्शियम त्यानंतर निदान चार तासांनी, म्हणजे दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर विभागून. पाकिटावर कार्बोनेट लिहिलं असेल तर जेवणाबरोबरच घ्यायला हवी, कारण ती मुरायला पोटातलं आम्ल लागतं. अ‍ॅसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, ते सायट्रेट देतील. लोहाची गोळी असेल तर तीही थायरॉक्सिनपासून लांब. उद्या टीएसएच जास्त आलं तर डोस वाढवण्याआधी "आजवर एकत्र घेत होतो" हे नक्की सांगा, नाहीतर विनाकारण डोस वाढेल.

पोराचं टॉनिक बंद करायला हरकत नाही, पण त्याच्या ताटात कॅल्शियम हवंच, हाडं भरायचं वय आहे. आपली कडक भाकरी मला जीव की प्राण, तरी ज्वारीत कॅल्शियम फार कमी. नाचणीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, सालीसकट तिळात हजाराच्या वर, दुधात शंभर मिलिलिटरमागे सव्वाशेच्या जवळ. शेंगाचटणी असतेच, तिच्या जोडीला तिळाची चटणीही ठेवा, आठवड्यातून काही वेळा नाचणीची भाकरी करा, रात्री दूध किंवा दही. आणि त्याला झोपू द्या. दिवसभर वाचलेलं झोपेत पक्कं होतं, परीक्षेच्या आदल्या रात्री जागून ते जमत नाही.

रिपोर्ट आले की आकडे इथे लिहा. फोटो टाकणार असाल तर आईंचं नाव, मोबाइल नंबर आणि दवाखान्याचं नाव झाकून टाका.